“त्याला कुत्रं चावलं होतं का?” : अवयवदानाआधी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची गोष्ट

मागच्या वर्षी आपल्या भागातून ग्रीन कॉरिडॉर झाला होता, आठवत असेल. चौकाचौकात पोलीस उभे, अ‍ॅम्ब्युलन्स सुसाट गेली, लोकांनी हात जोडले. आम्ही पत्रकारांनी व्हिडिओ काढले आणि “मरणानंतरही चौघांना जीवदान” छापाची हेडिंगं दिली. मीही दिली, खोटं कशाला बोलू.

चार-पाच दिवसांनी त्या मुलाचे चुलते टपरीवर भेटले. चहा हातात तसाच. म्हणाले, “साहेब, बातमी चांगली दिलीत. पण एक गोष्ट डोक्यातनं जात नाही. आम्ही पोराचं काळीज द्यायला तयार झालो, आणि त्या मॅडम वही घेऊन विचारतात, याला कुत्रं चावलं होतं का? सुया टोचून घ्यायचा का? बाहेर कुठं जायचा का? जेलमधे होता का? पंधरा माणसांसमोर! माझा भाऊ तिथंच बसलेला. मला राग आला. मी सगळ्याला ‘नाही, नाही’ म्हणून टाकलं.”

खरं सांगतो, तेव्हा मलाही वाटलं, काय ही पद्धत. पोरगा गेलाय आणि हे कुत्र्याचं विचारतात.

मग वाचायला बसलो. जुन्या घटना, चौकशी अहवाल, जे मिळेल ते. आणि कळलं की त्या वहीतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न कुणाच्या तरी मरणातून आलेला आहे. आज तेच सांगतो. पोस्ट लांब आहे, पण वेळ काढून वाचा. उद्या ही वेळ आपल्यापैकी कुणावरही येऊ शकते, देणारा म्हणून किंवा घेणारा म्हणून.

■ सुरुवातीला भीती वेगळीच होती

माणसाचा अवयव माणसाला बसवून तो यशस्वी झाला १९५४ साली, अमेरिकेत बोस्टनला. किडनी होती, आणि देणारा-घेणारा जुळे भाऊ होते, म्हणून शरीरानं ती स्वीकारली. १९६७ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बदललं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तसाच प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला, पण जगात अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत मुंबईचं नाव आहे हे आपल्याला माहीत असावं.

त्या काळात डॉक्टरांची मोठी भीती एकच होती, शरीर परका अवयव नाकारेल. १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिन या औषधाला मान्यता मिळाली आणि ती भीती बरीच कमी झाली. पण हे औषध करतं काय? शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. घराचा पाहुणा चावू नये म्हणून राखणीचं कुत्रं बांधून ठेवावं, तसं. पाहुणा सुखानं राहतो खरा, पण त्याच्या पिशवीत चोर लपलेला असेल तर भुंकायला कुणी नाही.

अवयवातून येणाऱ्या संसर्गाचा सगळा मुद्दा या एका गोष्टीत आहे. धडधाकट माणूस जो जंतू परतवून लावेल, तोच जंतू प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

■ डोळ्यांनी दिलेला पहिला इशारा

पहिला इशारा मिळाला नेत्रदानातून. १९७४ मध्ये एक प्रकरण प्रसिद्ध झालं. डोळ्याचा पडदा, म्हणजे कॉर्निया, बसवलेल्या रुग्णाला क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाचा मेंदू पोखरणारा आजार झाला. दाता त्याच आजारानं गेला होता.

त्यानंतर १९७८ मध्ये अमेरिकेतच दुसरं प्रकरण घडलं. कॉर्निया बसवलेली एक बाई महिन्याभरात आजारी पडली आणि गेली. तपासात निघालं रेबीज. दात्याच्या मृत्यूचं कारण भलत्याच आजाराचं लिहिलेलं होतं. त्याला रेबीज असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आणि हे फक्त तिकडचं नाही. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या दोन मृत्यूंची नोंद आली. एकच दाता, त्याचे दोन कॉर्निया, दोन माणसं, दोघंही रेबीजनं गेली.

आज नेत्रदानाच्या माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : रेबीज, धनुर्वात, एड्स, कावीळ अशा आजारांनी मृत्यू झाला असल्यास डोळे घेतले जात नाहीत. ती ओळ आपण वाचतही नाही. तिच्यामागे ही माणसं आहेत.

■ रिपोर्ट निगेटिव्ह, तरीही सात जणांना एचआयव्ही

आता १९८५. एचआयव्हीची रक्ततपासणी त्याच वर्षी मार्चमध्ये बाजारात आली होती. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात गोळी लागून एक २२ वर्षांचा तरुण गेला. नियमाप्रमाणे त्याची चाचणी झाली. निगेटिव्ह. त्याचे अवयव, हाडं आणि इतर ऊती मिळून ४८ जणांना दिल्या गेल्या.

सहा वर्षांनी, १९९१ मध्ये, उलगडा झाला. अवयव मिळालेल्या चारही जणांना एचआयव्ही झाला होता. प्रक्रिया न करता नुसतंच गोठवून ठेवलेलं हाड मिळालेल्या तिघांनाही. एकूण सात.

चाचणीत चूक नव्हती. ती चाचणी विषाणू शोधत नव्हती, विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली अँटिबॉडी शोधत होती. संसर्ग झाल्यापासून अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात. मधल्या दिवसांत माणसाच्या रक्तात विषाणू असतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. हा तरुण बरोबर त्या फटीत सापडला होता.

या प्रकरणानंतर १९९४ मध्ये अमेरिकेत सरकारी नियमावली आली. तिचा गाभा असा, की केवळ रक्तावर विसंबू नका. माणूस कसा जगला ते विचारा. सुयांनी नशा करायचा का, तुरुंगात होता का, लैंगिक संबंधांतून धोका होता का. चुलत्यांना ज्या प्रश्नांचा राग आला, ते इथून आले. त्यात पोराच्या चारित्र्याची चौकशी नाही. चाचणीला न दिसणारी फट बुजवायचा तो प्रयत्न आहे.

पुढे ‘नॅट’ नावाची चाचणी आली. ती थेट विषाणूचा अंशच शोधते. ‘हेपेटायटिस सी’ या काविळीच्या विषाणूची ओळख १९८९ मध्ये पटली. त्याच्या साध्या अँटिबॉडी चाचणीची फट दोन महिन्यांपेक्षा मोठी असू शकते, नॅटमुळे ती आठवडाभरावर येते. पण शून्यावर येत नाही. २००७ मध्ये शिकागोत एकाच दात्याकडून चौघांना एचआयव्ही आणि हेपेटायटिस सी दोन्ही गेले. अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह होती, नॅट केलेली नव्हती.

तंत्र सुधारलं तसे प्रश्नही बदलले. पूर्वी दात्याच्या मागच्या १२ महिन्यांचं विचारायचे, २०२० पासून अमेरिकेत मागच्या ३० दिवसांचं विचारतात. प्रश्न लहान झाला, पण गेला नाही.

■ कुत्र्याचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

मे २००४, टेक्सासमधलं डॅलस. मेंदूत रक्तस्राव झालेला एक तरुण मेंदूमृत झाला. थोडा ताप होता, वागण्यात बदल होता, पण स्कॅनवर रक्तस्राव दिसत होता. सगळं त्यानं समजून घेता येत होतं. नेहमीच्या चाचण्यांत काही सापडलं नाही. त्याचं यकृत एकाला, दोन किडन्या दोघांना दिल्या. त्याच्या रक्तवाहिनीचा एक तुकडा चौथ्याच रुग्णाच्या यकृत प्रत्यारोपणात वापरला गेला. महिन्याभरात चौघेही आजारी पडले आणि चौघेही गेले.

निदान झालं रेबीजचं. मग तपास करणारे दात्याच्या ओळखीच्या लोकांकडे गेले. तेव्हा कळलं, त्याला वटवाघूळ चावलं होतं. त्यानं ते सांगितलंही होतं. ज्यांना माहीत होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारणाऱ्यांना हे माहीत नव्हतं.

वर्ष संपता संपता जर्मनीत तसंच घडलं. एका तरुण बाईचे अवयव सहा जणांना दिले. फेब्रुवारी २००५ मध्ये रेबीज उघडकीला आला. फुप्फुस, किडनी आणि किडनी-स्वादुपिंड मिळालेले तिघे गेले. यकृत मिळालेला रुग्ण वाचला, कारण त्यानं पूर्वी कधीतरी रेबीजची लस घेतलेली होती. कॉर्निया मिळालेले दोघेही वाचले. आणि ती बाई? ऑक्टोबर २००४ मध्ये ती भारतात येऊन गेली होती. संसर्ग इथल्या कुत्र्याच्या चाव्यातून झाला असावा, असा निष्कर्ष निघाला.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो होतो. आपल्या कुठल्यातरी गल्लीतलं कुत्रं, आणि जर्मनीतली तीन माणसं.

रेबीजसाठी घाईत करता येईल अशी भरवशाची रक्तचाचणी नाही. जिवंत माणसात तो पकडणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. आणि वेळ तरी किती? हृदय काढल्यावर चारेक तासांत बसवावं लागतं, यकृत साधारण बारा तासांत, किडनीला त्याहून थोडा जास्त वेळ मिळतो. म्हणजे इथं खरी चाचणी एकच : घरच्यांची आठवण. मशीन नाही सांगणार, आई सांगणार, बायको सांगणार, शेजारचा मित्र सांगणार.

आपल्याकडे कुत्रा चावण्याचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. कुणी हळद-मिरची भरतं, कुणी मांत्रिकाकडे नेतं, कुणी दोन इंजेक्शनं घेऊन उरलेली सोडून देतं. “पिल्लूच होतं हो, नुसतं ओरबाडलं.” जगात रेबीजनं सर्वाधिक माणसं जिथं मरतात त्या देशांत आपण वरच्या नंबरात आहोत. मग हा प्रश्न आपल्याकडे विचारायचा नाही तर कुठं विचारायचा?

■ चाचणी बरोबर, माणूस चुकला

सगळं खापर विषाणूवर फोडून चालणार नाही. काही वेळा चुकते ती व्यवस्था.

ऑगस्ट २०११, तैवान. दात्याची एचआयव्ही चाचणी झाली होती आणि पॉझिटिव्ह आली होती. निकाल फोनवर सांगितला गेला : ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. ऐकणाऱ्यानं ऐकलं ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. लेखी रिपोर्टशी ताडून पाहिलं नाही. पाच जणांना एचआयव्हीबाधित अवयव बसवले गेले. एका अक्षराच्या फरकानं.

ऑक्टोबर २०२४, ब्राझीलमधलं रिओ द जानेरो. एका खासगी प्रयोगशाळेनं दोन दात्यांचे एचआयव्ही रिपोर्ट निगेटिव्ह दिले, ते चुकीचे होते. सहा रुग्णांना एचआयव्ही झाला. पोलीस तपासात समोर आलं, की रोज करायची दर्जा-तपासणी खर्च वाचवण्यासाठी आठवड्यातून एकदा केली जात होती.

कोविडच्या काळात अमेरिकेत एका दात्याचा नाकातला स्वॅब निगेटिव्ह होता. फुप्फुसं दिली गेली. फुप्फुसाच्या आतला नमुना नंतर तपासला, तो पॉझिटिव्ह. ज्या रुग्णाला फुप्फुसं मिळाली ती व्यक्ती गेली, शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी एका सर्जनलाही कोविड झाला. चाचणी केली होती, पण भलत्या जागी.

फोनवरचा निकाल लिहून दोनदा वाचायचा, प्रयोगशाळेवर वचक ठेवायचा, नमुना योग्य जागेचा घ्यायचा. यातलं एकही रॉकेट सायन्स नाही. कुठल्याही कचेरीत आवक-जावक सांभाळणारा क्लार्कसुद्धा पहिला नियम पाळतो.

■ मग अवयव घ्यायचेच नाहीत का?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, नकोच ती भानगड. थांबा. उलट निष्कर्ष काढू नका.

ही सगळी प्रकरणं जगभर गाजली ती विरळ आहेत म्हणून. दात्याकडून अनपेक्षित आजार लागण्याचं प्रमाण शंभर रुग्णांत एकापेक्षाही कमी आहे. आणि समोरच्या पारड्यात काय आहे? महाराष्ट्रात एकट्या किडनीच्या प्रतीक्षायादीत हजारो माणसं आहेत. देशभरात २०२३ मध्ये मेंदूमृत दाते मिळाले सुमारे ११००. दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्येत अकराशे! आठवड्यातून तीनदा डायलिसिसला एसटीनं जाणारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहे. त्याला “शून्य धोका असलेला अवयव येईपर्यंत थांब” म्हणणं म्हणजे मर म्हणणंच.

म्हणून शब्द बघा : धोक्याचं मूल्यमापन. धोका आहे की नाही एवढंच बघायचं नसतं. किती आहे, उपाय आहे का, आणि न घेतल्यास काय होईल, हे तिन्ही तोलायचं असतं.

याचं उत्तम उदाहरण पुन्हा केपटाऊनचं, त्याच ग्रूट शूर हॉस्पिटलचं. २००८ मध्ये डॉ. एल्मी म्युलर यांनी एचआयव्ही असलेल्या दात्याची किडनी एचआयव्ही असलेल्याच रुग्णाला बसवायला सुरुवात केली. तोवर असे अवयव सरळ फेकले जायचे आणि असे रुग्ण सरळ नाकारले जायचे. २०१५ मध्ये त्यांनी २७ रुग्णांचे निकाल मांडले, ते चांगले होते. अमेरिकेनं २०१३ मध्ये कायदाच बदलला. हेपेटायटिस सी बरा करणाऱ्या गोळ्या आल्यावर तो असलेले अवयवही, रुग्णाला सांगून, संमती घेऊन, वापरले जाऊ लागले.

म्हणजे खरं उत्तर मिळालं तर अवयव वाया जातोच असं नाही. बऱ्याचदा तो योग्य माणसाला, योग्य औषधांसह दिला जातो. खोटं उत्तर मात्र डॉक्टरांच्या हातातलं सगळं काढून घेतं.

■ आपल्या गावाचं काय?

आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे, मेंदूमृत घोषित करायला डॉक्टरांचं पॅनेल आहे, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी आहे. विभागीय समित्या आहेत, प्रतीक्षायादी आहे. पण नॅटची सोय प्रत्येक मोठ्या दवाखान्यातही नाही. त्यामुळे आपल्याकडे विचारलेल्या प्रश्नाचं वजन उलट जास्त आहे.

म्हणून माझं म्हणणं तिघांना आहे.

दवाखान्यांना : हे प्रश्न पंधरा नातेवाइकांसमोर, कॉरिडॉरमध्ये विचारू नका. सख्ख्या भावासमोर कुठला चुलता खरं बोलेल? आई, बायको, जवळचा मित्र, एकेकाला बाजूला बसवून, आपल्या भाषेत, आधी कारण सांगून विचारा. “तुमच्या मुलाचा अवयव ज्याला जाणार त्याला जपायचंय, म्हणून विचारतोय,” एवढं एक वाक्य पुरतं.

नातेवाइकांना : राग गिळा आणि खरं सांगा. आठवत नसेल तर “आठवत नाही” म्हणा, “नाही” म्हणू नका. या दोन्हींत फार फरक आहे.

अवयव घेणाऱ्यांना : तुमच्या डॉक्टरांना विचारा, कुठल्या चाचण्या झाल्या, काय कळलं, काय कळणं शक्य नव्हतं. तो तुमचा हक्क आहे. आणि नंतर ताप आला तर घरी काढा घेत बसू नका. एकाला झालेला त्रास लवकर कळला तर त्याच दात्याचे अवयव मिळालेले बाकीचेही वाचू शकतात.

आता चुलत्यांची उरलेली गोष्ट.

त्या दिवशी “नाही, नाही” सांगून ते बाहेर जाऊन बसले. तासाभरानं घरून वहिनीचा, म्हणजे पोराच्या आईचा, फोन आला. बोलता बोलता त्यांनी विचारलं, काय काय विचारलं म्हणे? यांनी सांगितलं. तर ती माउली म्हणाली, “अहो भाऊजी, दिवाळीत नाही का त्याला कुत्र्यानं पोटरीला धरलं होतं!”

चुलते म्हणाले, “साहेब, पायातलं बळ गेलं. परत मॅडमकडं गेलो. वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, इंजेक्शनाचा कागद आहे का?” घरी शोधाशोध झाली. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकारी दवाखान्याचा तो कागद निघाला. सगळे डोस, तारखांसकट. फोटो काढून पाठवला. डॉक्टरांनी बघितला, अपघाताची माहिती पुन्हा तपासली, आपसांत चर्चा केली, आणि मग पुढचं झालं.

म्हणजे ती अ‍ॅम्ब्युलन्स आपल्या चौकातून सुसाट जाण्याआधी एका आईला पोराची पोटरी आठवली होती आणि एक चुलता आपला शब्द फिरवायला परत आत गेला होता. माझ्या बातमीत यातलं काहीच नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

जाता जाता दोन कामं. घरात कुणाला कुत्रं, मांजर, माकड काहीही चावलं, ओरबाडलं असेल तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा, पूर्ण डोस घ्या आणि तो कागद जपून ठेवा. आणि अवयवदानाचा फॉर्म भरला असेल तर घरच्यांना नुसतं “मी फॉर्म भरलाय” सांगून थांबू नका. आपल्या आजारपणाचं, चाव्यांचं, रक्त घेतल्याचंही सांगून ठेवा. आपल्यानंतर उत्तरं त्यांनाच द्यायची आहेत.